रंग वजा केल्यावर

मावळ तालुक्यातील शिरगाव हे पुणे-मुंबई महामार्गाच्या जवळचे, सोमाटणे फाट्यावरून आत गेल्यावर लागणारे गाव. तेथील साईमंदिरामुळे हे गाव 'प्रतिशिर्डी' म्हणून ओळखले जाऊ लागले आणि दर गुरुवारी तेथे गर्दी होऊ लागली. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. वर्गात कविता शिकवतो आणि सुटीच्या दिवशी कॅमेरा घेऊन हिंडतो. पंधरा-वीस वर्षे आम्ही केवळ रंगीत छायाचित्रे काढत आलो. कृष्णधवल छायाचित्रण शिकून पाहावे, तेही रस्त्यावरच्या माणसांचे, असे मनात आले तेव्हा महाविद्यालयाला सुटी असलेल्या एका गुरुवारी आम्ही शिरगाव गाठले.

पहिला दिवस पुरता फसला. फुलांच्या एका पाटीपुढे आम्ही अर्धा तास उभे होतो. पाटीत हिरव्या पानांवर लाल गुलाब रचलेले, मागे हिरव्या लुगड्यातली विक्रेती, तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू. रंगीत छायाचित्रकाराला याहून अधिक काय हवे? घरी येऊन चित्रे पाहिली तर गुलाब आणि पाने एकाच राखाडी रंगाची झालेली. पाटीत फुले आहेत की पालेभाजी, हेही सांगता येईना. ज्या भेदावर आमची नजर खिळली होती तो भेद केवळ रंगाचा होता. उजेडाच्या हिशेबात लाल गुलाब आणि हिरवे पान यांची पत जवळजवळ सारखीच भरते. इतकी वर्षे आपण उजेड पाहिलाच नाही, रंगाच्या नावांवरच भागवले, अशी कबुली आम्हांला एकमेकांजवळ द्यावी लागली.

या अपयशाचे कारण शोधू लागलो तेव्हा एक मौजेची गोष्ट ध्यानात आली. रंगाकडून कृष्णधवलाकडे जाण्याची ही वाट महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका गृहस्थाने चालून झालेली आहे, आणि ती वाट याच मावळातून गेली आहे.

(१)

राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याच्या अलीकडे मळवलीजवळ हलला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. लक्ष्मी, सरस्वती, दत्त, राम-सीता यांची जी रूपे आपल्या आजी-पणजीच्या देवघरांत चौकटीत बसली, त्यांतली कितीतरी या मावळातल्या दगडांवरून उतरलेली आहेत. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. एका लक्ष्मीसाठी अनेक दगड आणि कागदाच्या तितक्याच फेऱ्या. मावळ भातासाठी प्रसिद्ध आहे हे सर्वांना ठाऊक असते. मराठी घरांतल्या देवांचे रंगही एके काळी मावळात पिकत होते, याची आठवण मात्र फारशी काढली जात नाही.

या छापखान्यासाठी छायाचित्रावरून दगडावर चित्र उतरवण्याचे काम लोणावळ्यातील एक छोटा कारखाना करी. त्याचे चालक धुंडिराज गोविंद फाळके. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय करून पाहिलेले आणि पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडून आलेले. लोणावळ्याचा हा उद्योग पुढे दादरला गेला आणि 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' या नावाने भरभराटीस आला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली फाळके जर्मनीस जाऊन आले. तिरंगी छपाईतले ते तज्ज्ञ होते. त्यांच्या चरित्रातील हा भाग 'राजा हरिश्चंद्र'च्या प्रकाशात झाकोळून जातो. आमच्या दृष्टीने मात्र तोच मोलाचा आहे.

तिरंगी ठसे कसे बनत हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण आमच्या विषयाची किल्ली तेथेच सापडते. मूळ रंगीत चित्राची तीन छायाचित्रे घ्यायची: एक निळ्या काचेतून, एक हिरव्या काचेतून, एक तांबड्या काचेतून. ही तिन्ही छायाचित्रे कृष्णधवलच असतात. निळ्या काचेतून घेतलेल्यावरून पिवळ्या शाईचा ठसा बनतो, हिरव्या काचेतून घेतलेल्यावरून तांबड्या शाईचा आणि तांबड्या काचेतून घेतलेल्यावरून निळ्या शाईचा. तिन्ही ठसे एकावर एक बरोबर बसले की देवीचे लुगडे हिरवे होते आणि कपाळ लाल. म्हणजे तिरंगी ठसेवाला दिवसभर काय पाहत असे? एकाच चित्राची तीन कृष्णधवल भाषांतरे. देवीच्या कपाळावरचे कुंकू तांबड्या काचेतून घेतलेल्या चित्रात कपाळाच्या उजळपणात जवळजवळ विरून जाई, हिरव्या काचेतून घेतलेल्यात ते काळेभोर उमटे. कोणता रंग कोणत्या राखाडीत पडतो, हे अशा माणसाला पाढ्यांसारखे पाठ असणार.

पुढील इतिहास परिचित आहे. भागीदारांशी मतभेद होऊन फाळके त्या व्यवसायातून बाहेर पडले. ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहताना राम-कृष्ण असेच पडद्यावर यावेत हा ध्यास त्यांना लागला. रोज तासन् तास चित्रपट पाहून, अपुऱ्या झोपेमुळे त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र यांची खरेदी करून ते परतले. सामान आल्यावर कॅमेरा नीट चालतो की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी प्रथम शेजारपाजारच्या मुलामुलींचे चित्रण केले. मग कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर रोज थोडाथोडा टिपला. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लोकांपुढे आला.

या हकिकतीचा विचार आपण सहसा 'स्थिर चित्र हलू लागले' अशा अंगाने करतो. तीत एक त्यागही होता. देवादिकांना रंग देण्यात ज्याची उमेद गेली, त्या माणसाने ते रंग सोडून दिले आणि राखाडी पडदा स्वीकारला. मळवलीचे राम-कृष्ण रंगीत होते पण जागचे हलत नव्हते. दादरची पोरे बेरंगी होती पण खेळत होती. फाळक्यांच्या या सौद्यात आम्हांला रस्त्यावरच्या छायाचित्रणाचा पहिला धडा दिसतो. रंग ही वस्तूची ओळख आहे आणि हालचाल, वळण, पडणारी सावली ही त्या क्षणाची. दोन्हींवर एकाच वेळी नजर ठेवणे नवशिक्याला झेपत नाही.

(२)

येथे कोणी विचारील की, शंभर वर्षांपूर्वीचे ठसे आणि आजचा डिजिटल कॅमेरा यांचा संबंध काय? तर संबंध अगदी सख्खा आहे. डिजिटल कॅमेऱ्यातील संवेदक स्वतः रंग ओळखत नाही, तो फक्त उजेड मोजतो. त्याच्या बिंदूंवर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या चाळण्यांची नक्षी बसवलेली असते, त्यांत निम्म्या हिरव्या आणि उरलेल्यांत तांबड्या व निळ्या समसमान. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी १९७० च्या दशकात ही रचना केली. म्हणजे आपण काढतो त्या प्रत्येक रंगीत चित्राच्या पोटात तीन कृष्णधवल चित्रे असतात. लोणावळ्याच्या कारखान्यातील तीन काचा खिशातल्या यंत्रात येऊन बसल्या आहेत.

संगणकाला 'रंग काढून टाक' असे सांगितले की तो या तिन्हींचे मिश्रण करतो. त्याचा एक प्रचलित हिशेब असा: तांबड्याला शंभरांतले ३०, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११. माणसाच्या डोळ्याला कोणता रंग किती उजळ भासतो, यावर तो बेतलेला आहे. शिरगावच्या गुलाबांचा घात याच हिशेबाने केला. हे कळल्यावर आम्ही ते चित्र पुन्हा उघडले आणि तांबड्याचे प्रमाण वाढवले. गुलाब उजळले, पाने मागे सरली, पाटी जिवंत झाली. पण त्याच क्षणी विक्रेतीच्या कपाळावरचे कुंकू पुसले गेले!

गंमत म्हणून सांगण्याची ही गोष्ट नव्हे. मराठी घरांतील जुन्या छायाचित्रांकडे या दृष्टीने पाहावे. छायाचित्रणाच्या आरंभकाळातील काचा केवळ निळ्या-जांभळ्या उजेडाला जागत. १८७३ साली हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रंगद्रव्ये मिसळून त्यांना हिरव्याची जाण आणता येते हे दाखवले. तांबड्याची जाण असलेल्या फिल्मचा सर्रास वापर व्हायला १९२० च्या दशकाचा शेवट उजाडला. त्याआधीच्या चित्रांत लाल ते काळे आणि निळे ते पांढरे. म्हणून पणजीच्या कपाळावरचे कुंकू काळा ठिपका होऊन बसते. लाल शालूतली नववधू आणि लाल अलवणातली विधवा यांची वस्त्रे त्या काचेवर सारखीच काळी उमटतात. समाजाने या दोन स्त्रियांमध्ये घातलेले अंतर कापडापुरते तरी रसायनाने मिटवले आणि ते कपाळावरच्या ठिपक्यात तेवढे उरले.

आपल्या समाजात रंग हा केवळ डोळ्याचा विषय कधीच नव्हता. कुंकवाचा लाल, चुड्याचा हिरवा, भंडाऱ्याचा पिवळा, पताकेचा भगवा: माणसाला हाक मारण्याआधी त्याचा रंग वाचला जातो. म्हणून स्टुडिओतले कृष्णधवल छायाचित्र लोकांना अपुरे वाटे आणि चित्रकाराकडून त्यावर हाताने रंग भरून घेत. ओठ, लुगड्याचे काठ आणि कुंकू यांवर कुंचला फिरे. कॅमेऱ्याने काढून घेतलेली सामाजिक खूण कुटुंब पैसे मोजून परत मिळवत होते.

(३)

रंग घेणे आणि टाकणे यांची ही ये-जा मराठी चित्रपटसृष्टीत पुढेही चालू राहिली. त्यांतले एकच उदाहरण येथे घेतो. व्ही. शांताराम यांनी प्रभातच्या 'सैरंध्री'साठी १९३३ साली रंगाचा प्रयोग केला. त्याच्या प्रती जर्मनीत तयार झाल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. पुढे १९५५ साली 'झनक झनक पायल बाजे'मध्ये त्यांनी टेक्निकलरची अशी उधळण केली की प्रेक्षक तृप्त झाला. त्यानंतर कोणताही व्यवहारी निर्माता रंगातच राहिला असता. शांताराम यांनी मात्र १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' कृष्णधवलात काढला. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तिच्या मागे औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग. या चित्रपटाच्या वेळी त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. डोळ्यांवर पट्टी असताना दिसलेल्या रंगांतून १९५९ चा 'नवरंग' सुचला, असे सांगितले जाते.

रंगाचे सामर्थ्य पूर्ण अंगवळणी पडलेला दिग्दर्शक नृत्यासाठी रंग घेतो आणि सहा कैद्यांसाठी तो बाजूला ठेवतो, ही निवड विचार करण्याजोगी आहे. कैद्यांच्या चेहऱ्यांवरून, हातांवरून आणि उघड्या माळावरून प्रेक्षकाची नजर हलू नये, असे त्यांस वाटले असावे. येथे कृष्णधवल ही तंत्राची मर्यादा उरलेली नाही. ती निवड झालेली आहे. एकदा निवड झाली की तिचे उत्तरदायित्वही येते.

(४)

रस्त्यावरील छायाचित्रणात हा प्रश्न सर्वांत धारदारपणे मांडला तो रघुबीर सिंग यांनी. जयपूरला १९४२ साली जन्मलेल्या या छायाचित्रकाराने आयुष्यभर भारताचे रस्ते रंगात टिपले. मुंबईवरील त्यांचे पुस्तक १९९४ साली निघाले. दुकानांच्या काचा, आरसे, त्यांत उमटलेली गर्दी यांनी ते भरलेले आहे. १९९८ च्या 'रिव्हर ऑफ कलर' या ग्रंथातील निबंधात त्यांनी जी भूमिका घेतली तिचा आशय थोडक्यात असा: कृष्णधवल ही पाश्चात्त्य आधुनिकतेच्या एकाकीपणाची आणि अपराधभावाची भाषा आहे, भारतीय मन जगाकडे रंगातूनच पाहते, त्यामुळे भारतीय छायाचित्रकाराने रंग टाकणे म्हणजे आपला स्वभाव टाकणे होय. पश्चिमेत त्याच काळात उलटा वाद चालला होता. तेथे रंग जाहिरातींपुरता ठीक, कलेला कृष्णधवलच शोभते, असा समज होता. १९७६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात विल्यम एगलस्टन यांची रंगीत छायाचित्रे लागली तेव्हा समीक्षक बिथरले होते.

रघुबीर सिंग यांचे म्हणणे झटकून टाकता येत नाही. जेजुरीचा भंडारा राखाडीत पाहणे म्हणजे धूळ पाहणे. पण त्यांच्या युक्तिवादातील 'भारतीय मन' कोणाचे, हे विचारावे लागते. उत्सवाचा रंग सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही.

मुंबईचे वृत्तछायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची जी मालिका केली ती कृष्णधवल आहे. गटारात उतरलेली माणसे, कचऱ्याच्या गाड्या, कामावरून परतल्यावरची घरे. या कामात पिढ्यान् पिढ्या मुख्यतः दलित समाजातील माणसे राहिली आहेत. ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. त्यांची ती चित्रे रंगीत असती तर काय झाले असते याची कल्पना आम्ही विद्यार्थ्यांना करायला सांगतो. कचऱ्यात रंग पुष्कळ असतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या, वेष्टने, फुले, सडकी फळे. तो ढीग बघताबघता आकर्षक दिसू लागेल आणि त्यात उभा असलेला माणूस त्या रंगांतला एक होऊन जाईल. शिवाय किळस हीदेखील बव्हंशी रंगातूनच येते. रंग काढल्यावर किळस ओसरते आणि माणसाच्या डोळ्यांकडे पाहणे भाग पडते. येथे कृष्णधवलाने पाश्चात्त्य विषाद आणलेला नाही. त्याने नाक दाबून पुढे जाणाऱ्याला थांबवले आहे.

या उदाहरणाने आमचा निर्णय झाल्यासारखा होता. रंग ही खूण आहे, खूण दूर केली की माणूस दिसतो, म्हणून रस्त्यावरच्या माणसांसाठी कृष्णधवल श्रेष्ठ, असा सिद्धान्त आम्ही मनाशी बांधला आणि वर्गातही तो बोलू लागलो.

(५)

शिरगावहून देहूरोड जवळ आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी, म्हणजे धर्मांतराच्या सुमारे दोन वर्षे आधी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी लोक जमतात. आमच्या अभ्यासाच्या दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही तेथे गेलो. एव्हाना हात थोडे वळले होते. चित्रकार करतात तसे डोळे किलकिले करून आधी उजेडाचे ठोकळे पाहावेत, तिरपे ऊन असलेली सकाळ साधावी, माणसाच्या मागे पुरेशी अंधारी किंवा उजळ भिंत येईपर्यंत थांबावे, हे जमू लागले होते. त्या दिवशीची चित्रे आम्हांला मनापासून आवडली. पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी, खांद्यावर नातू, मागे फडकणारे झेंडे. महाविद्यालयातील छोट्या प्रदर्शनासाठी ती निवडून आम्ही विद्यार्थ्यांना दाखवली.

एम.ए.च्या वर्गातील एक विद्यार्थिनी बराच वेळ त्या चित्रापुढे उभी राहिली. मग म्हणाली, "सर, फोटो छान आहे. पण यातला निळा कुठे गेला?"

आम्ही आमचा सिद्धान्त सांगितला. रंग गेला की खूण जाते, आणि खूण गेली की माणूस दिसतो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुम्हांला तसं दिसत असेल, सर. आमचा माणूस त्या रंगानंच दिसायला लागला."

वर्गात काही क्षण कोणी बोलले नाही. आमच्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही त्या वाक्याला पुरे पडेल असे उत्तर नाही. अलवणाचा लाल रंग बाईवर लादलेला होता. तो काचेवर काळा झाला तर तिचे काही हिरावले गेले नाही. निळा मात्र त्या म्हातारीच्या पिढीने स्वतः निवडलेला, स्वतः उंचावलेला. जुन्या काचेने तो पांढरा करून टाकला असता, आमच्या संगणकाने शंभरांत ११ या हिशेबाने तो काळवंडून टाकला. दोन्ही ठिकाणी तो गेलाच. लादलेली खूण आणि कमावलेली खूण यांतला भेद यंत्राला कळत नाही. तो कॅमेरा धरणाऱ्याने जाणायचा असतो, आणि आम्ही, ज्यांना आपल्या अंगावरच्या कुठल्याच रंगाची झळ कधी लागली नाही, तो जाणला नव्हता.

भाषांतराची उपमा आम्हां साहित्याच्या लोकांना जवळची आहे. कृष्णधवल हे रंगाचे भाषांतर आहे आणि प्रत्येक भाषांतरात काय गाळायचे ते कोणीतरी ठरवते. ते ठरवण्याचा अधिकार कौशल्याने आपोआप मिळतो, अशी आमची समजूत होती. रघुबीर सिंग यांचा आग्रह आम्हांला अजूनही पूर्ण पटत नाही, पण त्या आग्रहात दडलेली शंका आता समजते. रंग टाकणाऱ्याने आधी हे विचारावे की, हा रंग येथे काय काम करतो आहे आणि तो कोणाचा आहे. फाळक्यांच्या तीन काचांनी कारागिराला जे शिकवले त्यात हा प्रश्न नव्हता. तो आमच्या वर्गातून आला.

डिजिटल कॅमेऱ्याची एक सोय अशी की पडद्यावर चित्र कृष्णधवल दिसत असले तरी मूळ नोंदीत रंग शिल्लक ठेवता येतो. आम्ही तो ठेवला होता. देहूरोडची चित्रे प्रदर्शनात रंगीत लागली. शिरगावची कृष्णधवलच राहिली. गुलाबांच्या पाटीचे चित्र आम्ही पुन्हा नव्याने काढले, सकाळच्या तिरप्या उन्हात, फुलांवर उजेड आणि पानांवर सावली येईपर्यंत थांबून, जेणेकरून तांबड्याचे प्रमाण वाढवावे लागू नये आणि बाईचे कुंकू कपाळावर राहावे.

कृष्णधवल चित्रांखाली शीर्षकांऐवजी वजा केलेल्या रंगांची नावे लिहावीत, अशी सूचना त्याच विद्यार्थिनीने केली. आम्हांला ती मानवली. त्यामुळे त्या भिंतीवर फुलवालीच्या चित्राखाली तिच्या अक्षरात एवढेच होते: गुलाब लाल, लुगडे हिरवे, कुंकू लाल, छत्री निळी.